प्राथमिक शाळेतील संगणक : थोडा अनुभव, थोडा हिशेब

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून प्राथमिक वर्गांसाठी ‘काहीतरी डिजिटल’ करावे अशी सूचना गेल्या वार्षिक सभेत आली आणि टाळ्यांच्या गजरात तिचे स्वागत झाले, हे सभासद बंधुभगिनींना स्मरत असेलच. टाळ्या आम्हीही वाजविल्या. परंतु त्या ‘काहीतरी’ या शब्दाने, वीस वर्षे खडू हाती धरून असलेल्या आमच्यासारख्याला थोडे अस्वस्थ केले. निधी एकदाच जमतो. तो पैसा मुलांच्या डोक्यापर्यंत पोहोचणार की भिंतीवर टांगला जाऊन धूळ खाणार, हे खरेदीपूर्वीच ठरत असते. स्मरणिकेच्या संपादकांनी या विषयावर चार पाने लिहावयास सांगितली, तेव्हा आम्हांस जे ठाऊक आहे ते हिशेबासह मांडावे असे ठरविले.

बडोद्याला ही चर्चा नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली साऱ्या राज्यात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे आपल्यातील शाळकरी मुलालाही पाठ असते. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांस बोलावून ग्रंथालयखाते उभारले, आणि त्यांच्यामागून ते खाते जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी सांभाळले. त्या खात्यात लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तके होती, तशीच एक दृश्यशिक्षणाची शाखाही होती. जादूचा कंदील, काचेच्या चित्रपट्ट्या, दोन डोळ्यांनी पाहावयाची स्टिरिओस्कोपची चित्रे आणि पुढे सिनेमाचे यंत्र घेऊन खात्याची माणसे खेडोपाडी जात व फुकट खेळ दाखवीत. आज आपण प्रोजेक्टर म्हणतो तो त्या कंदिलाचा नातूच होय. मात्र त्या काळी यंत्रासोबत ते चालविणारा आणि चित्र समजावून सांगणारा माणूसही जात असे, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

आता आपल्याच शहरातील एका प्रयोगाची हकीकत सांगावयाची आहे. ती जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, परंतु आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकली असेल.

२००० साली गुजरात सरकारने वडोदऱ्यातील शंभर म्युनिसिपल प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. काही काळाने ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांचे हात त्यांतील फारच थोड्या यंत्रांना लागत असल्याचे आढळले. (यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन, खोलीला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या खणात, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा शिक्षक विरळा.) मग ‘प्रथम’ने वस्तीतीलच तरुण-तरुणींना थोडे प्रशिक्षण देऊन शाळांत पाठविले. इयत्ता चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटरवर बसविले. एक तास शाळेच्या वेळात, एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. एका यंत्रापुढे दोन मुले. त्यावर गणिताचे खेळ असत आणि ते मुलाच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो आणि ली लिंडेन या संशोधकांनी २००२-०३ आणि २००३-०४ अशी दोन वर्षे काटेकोर मोजमाप केले. यांतील बॅनर्जी व दुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निष्कर्ष असा, की गणितातील गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण-विचलन इतके वाढले. हे शब्द बोजड आहेत, म्हणून उलगडून सांगतो. शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आणि बरोबर मधल्या मुलाला हा लाभ मिळाला, तर पहिल्या वर्षाच्या हिशेबाने ते तेरा-चौदा मुलांना आणि दुसऱ्या वर्षाच्या हिशेबाने अठरा मुलांना मागे टाकून पुढे जाईल. शिक्षणाच्या क्षेत्रात हा फरक खचितच मोठा आहे. भाषेच्या गुणांत मात्र फरक पडला नाही. खेळ गणिताचे होते, तेव्हा ते साहजिकच होते.

येथे थांबलो असतो तर आमचा लेख यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकासारखा झाला असता. त्याच संशोधकांनी त्याच काळात वडोदरा आणि मुंबई येथे दुसरी एक योजनाही तपासली. तिचे नाव ‘बालसखी’. वस्तीतील एक शिकलेली तरुणी रोज दोन तास, तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले वेगळी घेऊन त्यांना वाचन व अंकगणित शिकवी. तिचा परिणाम पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ असा, म्हणजे कॉम्प्युटरपेक्षा कमी होता. परंतु खर्च? बालसखीला दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर लागले, तर कॉम्प्युटरच्या योजनेला पंधरा डॉलरांहून किंचित अधिक. रुपयामागे जास्त लाभ त्या मुलीने दिला. आणि दोन्ही योजना थांबल्यानंतर एका वर्षाने लाभ ओसरून ०.१०च्या आसपास आला. खत एकदाच घालून दर साली पीक येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आम्हां शाळावाल्यांना मात्र सांगावे लागते.

याहून बोलका पुरावा अहमदाबादच्या ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांतील आहे. गरीब मुलांसाठी चाललेल्या या वर्गांत मुळातच अध्यापन चांगले होते. तेथे दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचा एकच कॉम्प्युटर कार्यक्रम दोन रीतींनी वापरला गेला. काही ठिकाणी वर्गाच्या तासिकेतून वेळ काढून मुलांना यंत्रापुढे बसविले. काही ठिकाणी वर्ग सुटल्यावर जादा वेळ म्हणून. वर उल्लेखिलेल्या ली लिंडेन यांनीच हे तपासले. तासिकेच्या जागी यंत्र आले तेथे गुण ०.५७ ने घटले! जादा वेळ म्हणून आले तेथे ०.२८ ने वाढले, आणि त्यातही मागे पडलेल्या मुलांचा लाभ अधिक झाला. यंत्र तेच, खेळ तेच. प्रश्न एवढाच, की यंत्राने कोणाची जागा घेतली. चांगल्या शिक्षिकेचा तास काढून घेतला तर नुकसान. रिकामा वेळ भरला तर नफा. आम्हांस विचाराल तर साऱ्या विषयाचा गाभा या दोन आकड्यांत आहे, आणि ट्रस्टच्या सभेत ते फळ्यावर लिहून ठेवावेत.

मग यंत्राला असे काय साधते, जे चाळीस मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला साधत नाही? एक उदाहरण घेऊ. आपल्या मुलांना दोन अंकी संख्या लिहिताना होणारा घोटाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘बावन्न’ सांगितले की मूल पंचवीस लिहिते. यात मूल मूर्ख नसते. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि दशक मागून येते. ‘बा’ ऐकू आला म्हणून ते दोन आधी मांडते. एकोणतीस तर आणखी बिकट, कारण त्यात तीस ऐकू येते आणि लिहावयाचे असतात वीस आणि नऊ. बडोद्याच्या मुलाला गल्लीत तेच ‘ओगणत्रीस’ म्हणून भेटते, टीव्हीवर ‘उनतीस’ म्हणून आणि इंग्रजी शाळेतल्या मावसभावाकडून ‘ट्वेंटी नाइन’ म्हणून. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बासष्ट’च्या जोडीला ‘साठ दोन’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गहजब झाला! कोणाची बाजू बरोबर हा वाद येथे नको. पण अडचण खरी आहे एवढे त्या वादाने सर्वांना कळले.

आता अशा मुलाला टॅब्लेटवर एक संख्यारेषा दिली. आवाज येतो, ‘बावन्न’. मुलाने रेषेवर बोट ठेवावयाचे. ते पंचविसावर ठेवले की बेडूक तेथे उडी मारून बसतो आणि आवाज म्हणतो, ‘पंचवीस’. कोणी हसत नाही, कोणी ‘चूक’ म्हणत नाही. जे ऐकू आले ते आणि जे ऐकावयाचे होते ते यांतील अंतर मुलाला स्वतः दिसते. ते पुन्हा बोट ठेवते. पाच मिनिटांत असे वीस वेळा होते. आम्ही चाळीस मुलांच्या वर्गात तासभर शिकविले तरी एका मुलाच्या वाट्याला दोन वेळा उत्तर देणे येते, आणि वही तपासून परत मिळेपर्यंत चूक त्याच्या लक्षातूनही गेलेली असते. उत्तर लगेच मिळणे, पुन्हा प्रयत्न करावयास मोकळीक असणे आणि चारचौघांत लाज न जाणे, या तीन गोष्टींपलीकडे यंत्रात कोणतीही जादू नाही. रंग, गाणी आणि नाचणारी अक्षरे यांनी मूल दोन दिवस रमते. तिसऱ्या दिवशी ते केवळ पडद्याकडे पाहत असते.

अपूर्णांकांचेही तसेच. कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल-विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ या नावाने खेळवजा प्रात्यक्षिकांचा उपक्रम आरंभिला. ती फुकट आहेत, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचून चालतात, आणि त्यांतील बरीच मराठीतही मिळतात. त्यांत एक वर्तुळ आहे. खालचा आकडा वाढविला की त्याचे तुकडे वाढतात आणि प्रत्येक तुकडा बारीक होतो. छेद मोठा तर तुकडा लहान, ही गोष्ट आम्ही भाकरीच्या चित्राने वर्षानुवर्षे सांगत आलो. पण स्वतः आकडा फिरवून तुकडा लहान होताना पाहिलेले मूल एकअष्टमांश हे एकचतुर्थांशापेक्षा मोठे, असे सहसा म्हणत नाही.

तथापि, हाताने हाताळण्याच्या वस्तूंची जागा पडद्याने घेऊ नये. हे शिक्षण आपल्याला ताराबाई मोडकांनी दिलेले आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम केलेल्या आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी मुलांत रमलेल्या या बाईंनी बिया, शिंपले, खडे आणि पाने यांतून शिक्षणाची साधने उभी केली. दहा चिंचोके मोजून त्यांची जुडी बांधल्याशिवाय ‘दशक’ हा शब्द पोकळच राहतो. पहिली-दुसरीत आधी चिंचोके, मग पाटी आणि सरतेशेवटी पडदा, असा क्रम असावा. आणि बालवाडीत पडदा नसला तरी काही बिघडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाषेच्या बाबतीत यंत्राचा उपयोग निराळा आहे. ‘असर’च्या २०२२ सालच्या देशव्यापी पाहणीत तिसरीच्या दर पाच मुलांपैकी साधारण एकालाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा नीट वाचता आला. यावर आम्हांला सर्वांत उपयोगी ठरलेले साधन म्हणजे साधा मोबाइल आणि त्यातील आवाज नोंदविण्याची सोय. मुलाने एक परिच्छेद वाचावयाचा, स्वतःचे वाचन ऐकावयाचे आणि पुन्हा वाचावयाचे. स्वतःचा अडखळणारा आवाज ऐकून मूल जे सुधारते, ते आमच्या दहा सूचनांनी सुधारत नाही. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे वाचन जपून ठेवले तर पालकांनाही प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक कळते. एका मुलीच्या दादीला अक्षरओळख नव्हती, दोन्ही नोंदी ऐकून त्या म्हणाल्या, “मास्तर, आता पोर थांबत नाही, पळते की!” इतके नेमके मूल्यमापन आम्हांस कोणत्याही छापील रकान्यात लिहिता आले नसते.

वाचावयास काय द्यावे याचीही आता चणचण नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. तेथे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मोफत आहेत. त्या छापता येतात, भाषांतरितही करता येतात. ज्यांच्या घरात आमच्याप्रमाणे मराठी आणि उर्दू दोन्ही नांदतात, त्यांना एकच गोष्ट दोन लिप्यांत समोर ठेवता येणे हे केवढे सुख! क्यूआर चौकोनांची तर आता सर्वांना सवय झाली आहे. हा ठिपक्यांचा चौकोन १९९४ साली जपानात मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकाला चिकटवून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांच्या कानापर्यंत नेले. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. २०१७ साली आलेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ व्यवस्थेमुळे अनेक राज्यांच्या पुस्तकांवर आता असे चौकोन छापलेले असतात. पालकांनी कधी तो उघडून पाहिला आहे काय? नसल्यास आज रात्री जेवणानंतर एकदा पाहावा.

पालकांचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘ऑनलाइन’ शिक्षण म्हणजे काय हे आपल्या वस्त्यांनी अनुभवले. घरात एक मोबाइल, तो वडिलांच्या खिशात, वडील रात्री नऊला परत. तीन भावंडांत थोरल्याचा बोर्डाचा अभ्यास पहिला, धाकटीचा नंबर शेवटी. ज्या घरी दोन मोबाइल होते त्या घरची मुले आणि ज्या घरी एकही नव्हता त्या घरची मुले यांच्यातील अंतर शाळा उघडल्यावर आम्ही वर्गात उघड्या डोळ्यांनी पाहिले. म्हणून, जी साधने घ्यावयाची ती शाळेत राहावीत, घरी मोबाइल असण्यावर गृहपाठ अवलंबून नसावा, हा आमचा आग्रह आहे. त्या काळी, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे असावीत असे सुचविले होते. शाळा बंद असताना एवढे. मग शाळा चालू असताना आठवड्याला दोन तास पुष्कळ झाले. वडोदऱ्याच्या प्रयोगात तेवढेच होते.

आता खरेदीविषयी. सभेत भिंतीएवढ्या ‘स्मार्ट बोर्डा’ची चित्रे फिरली. तो वाईट नाही. नकाशा, ग्रहण, बीजाचे अंकुरणे दाखवावयास उत्तम. पण त्यावर एका वेळी एकच मूल लिहिते आणि एकोणचाळीस पाहतात; वर सांगितलेल्या तिन्ही गुणांपैकी एकही त्यात येत नाही. आमच्या माहितीच्या एका शाळेत असा बोर्ड बसविणाऱ्याने दोन वर्षांत दुरुस्तीला माणूस पाठविला नाही, आणि त्यात भरलेले पाठ इंग्रजी व हिंदीतच होते. आज त्यावर वार्षिक कार्यक्रमाचा पडदा टांगतात.

आम्ही सुचवितो ते असे. बोर्ड एकच घ्यावा, किंवा साधा प्रोजेक्टर व पांढरी भिंत यांवर भागवावे. त्याऐवजी दहा टॅब्लेट घ्यावेत, जाड रबरी आवरणाचे. वीस मुले एका वेळी, दोघांत एक. दोघे असले की ती आपापसांत बोलतात, भांडतात, समजावतात. त्यातच निम्मे शिक्षण होते. उरलेली वीस मुले त्याच वेळी शिक्षिकेपाशी, म्हणजे तिलाही लहान गट मिळतो. टॅब्लेट ठेवण्यास कुलपाची पेटी आणि तीत एकत्र चार्ज करण्याची सोय असावी. किल्ली वर्गशिक्षिकेपाशी असावी आणि फुटतूट झाल्यास तिच्या पगाराला हात लागणार नाही, असे ट्रस्टने लेखी द्यावे. हे शेवटचे वाक्य क्षुल्लक वाटेल, परंतु यंत्रे कुलपात राहतात ती बहुधा याच भीतीने. खेळ आधीच उतरवून ठेवावेत, म्हणजे इंटरनेट गेले म्हणून तास वाया जात नाही.

आणि वाचलेल्या पैशांतून आपल्याच समाजातील दोन मुलींना, पदवी घेऊन घरी बसलेल्या अनेक आहेत, दोन वर्षांच्या मानधनावर सहायक नेमावे. शाळेनंतरचा तास त्या घेतील. मागे पडलेली मुले त्यांच्याकडे. जूनमध्ये तिसरी-चौथीपासून आरंभ करावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे वाचन व बेरीज-वजाबाकी तपासून नोंद ठेवावी, दिवाळीपूर्वी पुन्हा तपासावी, आणि दोन्ही आकडे पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पानाशेजारीच छापावेत. लाभ दिसला नाही तर तेही छापावे.

राहिले एक काम, त्याला पैसा लागत नाही. आपल्या घरातील आजी, नानी, दादी यांच्यापाशी गोष्टी आहेत आणि त्यांचे मराठी आमच्या पुस्तकांपेक्षा रसाळ आहे. त्यांच्या आवाजातील पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी नोंदवून टॅब्लेटवर घालण्याचा आमचा बेत आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हांस भेटावे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी आम्ही मोबाइल घेऊन येऊ.